बैताड पाहिजे

कुठलीही पाटी घ्या, तिच्यामागे एक माणूस असतो. ‘ओल्या हाताने बटण दाबू नये’ असं कोणी उगाच लिहीत नाही. कोणीतरी ओल्या हाताने बटण दाबलेलं असतं, झटका खाल्लेला असतो, आणि झटका खरंच बसला की भास झाला हे बघायला पुन्हा एकदा दाबलेलं असतं. पहिल्या झटक्याला पाटी लागत नाही. दुसऱ्याला लागते.

भरवेलीसारख्या गावात पाट्यांची ददात नाही. बालाघाटहून काही किलोमीटरवरचं हे खाणीचं गाव. मॉयल कंपनीची इथली खाण म्हणजे आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण, असं गावातलं शाळकरी पोरही छाती फुगवून सांगतं. जमिनीखाली शेकडो मीटर माणसं उतरवायची तर पाट्या हव्यातच. हेल्मेट घाला, बूट घाला, नशा करून येऊ नका, केज, म्हणजे खाली नेणारा पाळणा, थांबल्याशिवाय पाय टाकू नका. येणारेजाणारे त्या पाट्या वाचतात आणि पुढे जातात. मला मात्र प्रत्येक पाटीमागचा तो आद्यपुरुष दिसायला लागतो. केज थांबण्याआधीच पाय टाकणारा. ‘कायले थांबाचं, आलीच तं हाय’ म्हणणारा.

त्याला आमच्याकडे बैताड म्हणतात. पुण्यात त्याला वेंधळा म्हणतील, मुंबईत येडा, कोल्हापुरात खुळा. भरवेलीत त्याच्यासाठी तीन भाषांची दुकानं उघडी आहेत. मराठीतून तो बैताड, हिंदीतून लल्लू नाहीतर घोंचू, आणि घरी पोवारी बोलणारी आजी असली तर ती काहीच म्हणत नाही, नुसता कपाळाला हात लावते. तिन्हींत जास्त तेच लागतं.

इतक्या भाषा इथे कशा, तर त्यालाही एक बैताडपणाच कारण आहे, फक्त तो कोणाचा हे ठरलेलं नाही. इंग्रजांच्या काळी मध्य प्रांताच्या नागपूर विभागात पाच जिल्हे होते: नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा आणि बालाघाट. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेरमांडणी झाली. चार जिल्हे मुंबई राज्याच्या गाडीत बसून गेले आणि बालाघाट, फलाटावर पाणी भरायला उतरलेल्या प्रवाशासारखा, हातात तांब्या घेऊन मध्य प्रदेशातच राहिला. तेव्हापासून आमची सोयरीक गोंदियात, कचेरी बालाघाटात, मोठा दवाखाना नागपुरात आणि राजधानी भोपाळला. एवढं सांभाळून जो रोज वेळेवर घरी पोचतो त्याला मी तरी हुशारच म्हणेन.

बैताड म्हणजे नेमका कोण, यावर चहाच्या टपरीवर जेवढा खल होतो तेवढा विद्यापीठात होत नसेल. तो वेडा नाही. मठ्ठही नाही, शाळेत पास झालेला असतो, कधीकधी बऱ्या मार्कांनी. आळशी तर मुळीच नाही. उलट त्याचा उत्साह हीच सगळी भानगड. आळशी माणसाने आजवर कोणाचं नुकसान केल्याचं ऐकिवात नाही, कारण नुकसान करायलाही उठावं लागतं. बैताड उठतो. सगळ्यांच्या आधी उठतो. ‘थांबा, मी करतो ना!’ असं तो म्हणाला की घरातली माणसं भिंतीला टेकून उभी राहतात. सांगितलेलं काम तो करतोच, न सांगितलेलंही करतो. नळ बसवायला सांगा, तो नळ बसवून जाताना तुमची चालू असलेली शेगडीही ‘जराशी साफ’ करून जाईल.

एक उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. वैशाखातलं लग्न, मांडवाबाहेर चपलांचा ढीग. हल्ली सगळ्यांच्या चपला एकाच बाजारातून, एकाच काळ्या रंगाच्या, एकाच दोन पट्ट्यांच्या. आत चिन्नोर तांदळाच्या भाताचा वास सुटलेला. बालाघाटच्या या चिन्नोरला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तो पंगतीत वाढताना यजमान मंडळी जरा मोठ्याने बोलतात. तर आमचा गडी जेवला, तृप्त झाला, आणि ढिगातून दोन चपला पायात सरकवून घरी आला. दोन्ही डाव्या.

दुसऱ्या दिवशी टपरीवर:

‘काऊन बे, पाय वाकडा कायले पडून राहिला?’

‘नवी हाय ना चप्पल. चावते.’

‘कोन्या पायाले?’

‘उजव्याच.’

‘मंग डाव्याले काऊन नाई चावत?’

यावर त्याने बराच विचार केला. ‘डावा पाय माह्या आधीपासूनच मजबूत हाय,’ तो म्हणाला. आणि चपला बघ असं त्याला कोणीही सांगितलं नाही. बघणाऱ्यांनी बघितलं होतं, कळणाऱ्यांना कळलं होतं, पण असा तमाशा रोज होत नाही. पट्टी सैल करून बघ, तेल लाव, रात्री पाण्यात भिजव असे सल्ले मात्र आले. त्याने ते सगळे केले.

पण ही गोष्ट अर्धीच झाली. एकाने दोन डाव्या नेल्या म्हणजे मांडवात दोन उजव्या उरल्या. त्या ज्याच्या वाट्याला आल्या त्या पाहुण्याचा काय गुन्हा? तो बिचारा वेळेवर आला, नीट जेवला, आहेर देऊन बाहेर पडला, आणि ढीग संपेपर्यंत उभा राहिला. शेवटी त्याच्यासमोर दोन उजव्या चपला आणि मांडवाचा एक कुत्रा. वधूपित्याने येऊन पाहिलं आणि म्हणाले, ‘भाऊसाहेब, आपल्या चपलीवर आपलंच ध्यान पाहिजे.’ वर ऐकूनही घ्यावं लागलं.

या दोन माणसांची अमेरिकेने वेगवेगळी नोंद ठेवली आहे, हे मला फार आवडतं. पूर्व युरोपातून न्यूयॉर्कला आलेल्या ज्यू लोकांनी आपल्या यिडिश भाषेतले दोन शब्द तिथल्या बोलीत सोडले: श्लेमील आणि श्लिमाझल. त्यांची ओळख जुनी आहे. श्लेमील म्हणजे जो हातातलं गरम सूप सांडतो तो. श्लिमाझल म्हणजे ज्याच्या मांडीवर ते सांडतं तो. आपल्याकडे पहिल्याला शंभर नावं आहेत आणि दुसऱ्याला एकही धड नाही. भरवेलीत तर चहा ज्याच्या पँटीवर सांडतो त्याला बहुतेक वेळा ‘साहेब’ म्हणतात. सांडणाऱ्याने नेम धरलेला नसतो, पण पडतो तो बरोबर इस्त्रीवरच.

अमेरिकेने बैताडाचा खरा गौरव केला तो दुसऱ्या महायुद्धात. जॉर्ज बेकर नावाचा डिस्नेकडे काम केलेला चित्रकार सैन्यात भरती झाला आणि 1942 पासून सैनिकांच्या ‘यँक’ साप्ताहिकात ‘सॅड सॅक’ ही चित्रपट्टी काढू लागला. त्यातला शिपाई एक शब्द बोलत नाही. रांगेत शेवटी उभा राहतो, जेवण संपतं. रांगेत पहिला उभा राहतो, रांग लसीची निघते. त्याचं नाव सैनिकांच्या बोलीतल्या एका मोठ्या शिवीचा अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा छापण्याजोगा नव्हता, पण वाचणाऱ्या प्रत्येक शिपायाला तो पाठ होता. दुसरीकडे नौदलाच्या वैमानिकांसाठी रॉबर्ट ऑसबॉर्न या चित्रकाराने ‘डिलबर्ट’ जन्माला घातला. विमान चालवताना जे जे करू नये ते ते हा गडी भित्तिपत्रकांतून मनापासून करायचा. पुढे विमान पाण्यात पडलं तर बाहेर कसं पडायचं हे शिकवण्यासाठी वैमानिकाला खुर्चीला बांधून तलावात उलटं बुडवणारं एक यंत्र बनलं, तर त्यालाही डिलबर्टचंच नाव मिळालं. तिसरा प्रायव्हेट स्नाफू, 1943 पासूनच्या व्यंगपटांतला, फक्त सैनिकांनाच दाखवला जाणारा. त्याच्या पटकथांमागे पुढे लहान मुलांसाठी जगप्रसिद्ध झालेला डॉ. स्यूस होता.

सांगायचं म्हणजे एवढी मोठी फौज उभी करताना त्यांना शूर माणसाचं चित्र लावून भागलं नाही. शूराचं चित्र बघून शिपाई म्हणतो, वा, काय माणूस आहे! आणि झोपायला जातो. बैताडाचं चित्र बघितलं की तो हसतो, आणि हसता हसता हळूच आपल्या बंदुकीचा खटका लावलेला आहे की नाही ते चाचपतो.

या फौजेत मँगनीजचाही हात आहे, आणि हे भरवेलीच्या माणसाला सांगितलं की तो खूश होतो. रॉबर्ट हॅडफील्ड या इंग्रजाने 1882 च्या सुमारास पोलादात बारा-तेरा टक्के मँगनीज मिसळून एक विलक्षण धातू तयार केला. ठोकाल तितका तो कठीण होतो. रुळांचे सांधे, दगड फोडायच्या यंत्रांचे जबडे त्याचेच करतात. अमेरिकन शिपायाचं त्या युद्धातलं एम-वन हेल्मेटही याच मँगनीज पोलादाचं. म्हणजे सॅड सॅकच्या डोक्यावर मँगनीज होतं. टपरीवर हे सांगितल्यावर खाणीतला एक निवृत्त मेट, म्हणजे मुकादम, म्हणाला, ‘वरून मँगनीज ठीक हाय, पन काही जनायच्या आतूनबी तेच हाय. जेवढं ठोका तेवढं घट्ट.’

बैताडाच्या गौरवात ब्रिटिश तर दोन पावलं पुढे गेले. त्यांच्या हवाई दलाचं ‘टी एम’ नावाचं प्रशिक्षण मासिक 1941 साली निघालं, त्यात ‘पायलट ऑफिसर प्रून’ नावाचा एक महाबैताड होता. आणि मासिक नुसतं हसून थांबलं नाही. खऱ्याखुऱ्या वैमानिकांनी दर महिन्याला केलेल्या खऱ्याखुऱ्या गाढवपणाबद्दल ते एक मानाचा किताब जाहीर करायचं. किताबाचं लांबलचक नाव असं की त्यात ‘अत्यंत अपमानास्पद’ आणि ‘न निघणारं बोट’ असे दोन्ही शब्द होते. ब्रिटिशांना अपमानसुद्धा रीतसर, मानपत्र देऊन करता येतो. आपल्याकडे अपमान फुकट आणि तोंडी.

खाणीतही मुळात हाच मामला आहे. धनबादचं खाण सुरक्षा महासंचालनालय, 1952 चा खाण कायदा, 1961 चे धातू खाणींचे विनियम, 1966 चे व्यावसायिक प्रशिक्षणाचे नियम ही सगळी भारदस्त नावं बाजूला ठेवून नियम वाचत गेलं तर एक चरित्र दिसतं. तो कुठे झोपला, कुठे बिडी पेटवली, कोणत्या खांबाला ‘कामाचा नाही’ म्हणून हात लावला, सुरुंगाचा आवाज झाला नाही म्हणून बघायला कसा गेला. एकेक नियम म्हणजे त्याच्या आयुष्यातलं एकेक प्रकरण. काही प्रकरणं हसण्यासारखी नाहीत. खाणीत बैताडपणाचा हिशेब माणसांत होतो, आणि जुनी माणसं अशा नियमाशी आल्यावर आवाज खाली करतात. पण नियम करणाऱ्याची अक्कल हीच, की त्याने उतरणारा प्रत्येक जण बैताड आहे असं धरून चालायचं. साहेबासकट. नवा इंजिनिअर कितीही पदव्या घेऊन आलेला असो, हेल्मेट घातल्याशिवाय त्याला खाली सोडत नाहीत, कारण छताच्या दगडाला पदवी वाचता येत नाही.

या बाबतीत जपानी माणसाचं कौतुक करावं लागतं. शिगेओ शिंगो हा कारखान्यांतल्या कामाचा तज्ज्ञ. 1961 साली त्याला एका विजेच्या बटणाच्या कारखान्यात अडचण सापडली. बटणात दोन छोट्या स्प्रिंगा बसवायच्या आणि कामगार कधीकधी त्या बसवायलाच विसरायचे. मालक ओरडायचा, मग काही दिवस ठीक, मग पुन्हा तेच. शिंगोने ओरडणं बंद केलं आणि एक छोटी बशी मागवली. आधी दोन स्प्रिंगा बशीत काढायच्या, मग बटण जोडायचं. शेवटी बशीत स्प्रिंग उरली तर कळतं की राहिली. एवढंच. आपल्या बायका पाहुण्यांसाठी पोळ्या करताना उंडे मोजून आधी ताटात ठेवतात ती हीच पद्धत, फक्त त्यांच्यावर कोणी पुस्तक लिहिलं नाही. शिंगोने या युक्त्यांना जपानीत आधी ‘बाका-योके’ म्हणायचं ठरवलं, म्हणजे सरळसरळ मूर्खाला थोपवणारी. 1963 साली एका कारखान्यात काम करणाऱ्या बाईला हे नाव ऐकून रडू कोसळलं. मी काय मूर्ख आहे, असं तिने विचारलं. शिंगोने नाव बदलून ‘पोका-योके’ केलं, चूक थोपवणारी. मूर्ख गेला, चूक राहिली.

भरवेलीत कोणी रडलं नसतं. इथे बैताड म्हटल्यावर गडी हसतो आणि म्हणतो, ‘हाव ना.’ याला तुम्ही काय करणार? त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही म्हणून पाटी लावावी लागते, आणि पाटीचाही होत नाही म्हणून बशी ठेवावी लागते. चपलांच्या बाबतीत बशी शोधण्याचा प्रयत्न झाला. एका हुशार माणसाने सुचवलं की लग्नात चपला काढताना दोन्ही एकमेकींना सुतळीने बांधून ठेवाव्या. पुढच्या लग्नात पुष्कळांनी बांधल्या. आमच्या गड्यानेही बांधल्या. निघताना सोडायला विसरला.

खाण सुरक्षा सप्ताहात घोषवाक्यं असतात, प्रथमोपचाराच्या स्पर्धा असतात, आणि कुठे कुठे छोटी नाटकं होतात. या नाटकांचा ढाचा ठरलेला: एक शहाणा कामगार, एक बैताड, एक साहेब, आणि शेवटी पांढरी पट्टी बांधलेला बैताड. शहाणा उभा राहून नियम सांगतो तोपर्यंत प्रेक्षक मागे वळून शेंगदाणेवाल्याला बोलावत असतात. बैताड आत आला, हेल्मेटात भाजी घेऊन आला, की सगळं मैदान पुढे सरकतं. हा प्रेक्षक झाडीपट्टीच्या नाटकांवर आणि दंडारीवर वाढलेला आहे. वडसा-देसाईगंजची मंडळी रात्रभर नाटक रंगवतात तेव्हा पहाटे चारला झोपलेल्या माणसाला कोण उठवतं? नायक नाही. विनोदी नट उठवतो.

आणि गंमत अशी, की बैताडाचं काम कोणाला द्यायचं हा प्रश्न आला की मंडळीतल्या सर्वांत तल्लख माणसाकडेच सगळे बघतात. खऱ्या बैताडाला हे काम जमत नाही. तो स्टेजवर आला की एकदम नीट वागायला लागतो. वेंधळ्या चिमणरावाचंच बघा. त्याला जन्म देणारे चिं. वि. जोशी बडोद्याला पाली शिकवणारे विद्वान होते. 1940 च्या ‘लग्न पाहावं करून’ चित्रपटात तो चिमणराव दामुअण्णा मालवणकरांनी केला, पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी. दोघांच्याही हुशारीबद्दल कोणाला शंका आलेली नाही. चिमणरावाच्या धांदलीत त्याचे हातपाय कुठल्या क्षणी कुठे अडकतील हे घड्याळ लावल्यासारखं बसवावं लागतं. गोंधळ नीटनेटका झाला तरच हसू येतं.

त्यामुळे माझी एक सूचना आहे, आणि ती मी टपरीवर मांडली. ब्रिटिशांसारखा एक किताब आपणही ठेवावा. जिल्ह्यातल्या सगळ्या खाणगावांचा मिळून. भरवेली आहे, उकवा आहे, तिरोडी आहे, माणसं कमी पडायची नाहीत. दर वर्षी एकाला शाल, श्रीफळ आणि चपलांचा एक जोड. जोड देताना एक डावी, एक उजवी हे दोन जबाबदार माणसांनी सह्या करून तपासावं. आणि मानपत्रात स्पष्ट लिहावं की या इसमामुळे अमुक पाटी लागली आणि त्यानंतर तिथे पुन्हा कोणाला लागलं नाही. शहाण्या माणसाच्या नावावर अशी एक तरी पाटी दाखवा म्हणावं.

सूचना एकमताने मंजूर झाली. पहिला मानकरी कोण यावरही वाद झाला नाही. वाद झाला तो कार्यक्रम कोणत्या गावी घ्यायचा यावर. भरवेलीत घेतला तर घरचंच कार्य होईल, म्हणून काहींनी तिरोडी सुचवलं. निवृत्त मेट तेवढा विरोधात होता. ‘तिरोडी ठेवू नका गा,’ तो म्हणाला. ‘तिरोडी आपल्या बालाघाटात आन तिरोडा तिकडं गोंदियात. तो कार्यक्रमाच्या दिवशी बराब्बर तिरोड्याले जाईन, तिथं स्टेशनावर बसीन, आन आपल्यालेच फोन करून विचारीन का मंडप कोन्या बाजूनं टाकला म्हनून.’

‘मंग तिरोड्यातच ठेवा,’ दुसरा म्हणाला.

‘मंग तिरोडीले जाईन ना,’ मेट म्हणाला, आणि चहाचे पैसे द्यायला उठला.